ओरखडलेली तबकडी



आज गोष्ट सांगायची आहे ती नभोवाणीशीच जोडलेली. वर्णद्वेषी राजवटीत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीला एखादं गाणं नको असलं, की तिथली माणसं त्या गाण्यापुरत्या खाचांवर टोकदार वस्तूनं ओरखडे काढत. बाकीची तबकडी नीट वाजायची; तेवढ्या जागी सुई अडखळायची.

अशा त्या देशात १९६४ साली गायक लकी डुबे जन्मला. आई कामासाठी दूर, आजीनं वाढवलं. आधी तो झुलू भाषेत म्बकांगा, म्हणजे तिथलं लोकप्रिय नाचरं संगीत, गायचा आणि ते खपतही होतं. पण १९८४ साली त्यानं जमैकाचं रेगे गायलं. त्याचं ते ध्वनिमुद्रण, ‘रास्ताज नेव्हर डाय’, फारसं खपलं नाही, वर सरकारनं बंदीही घातली. रेकॉर्ड कंपनीला जुनाच लकी हवा होता. पण त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा रेगेच गायलं, आणि लोकांनी ते उचलून धरलं.

रेगेच का? मला वाटतं, कारण त्या चालीतच आहे. गिटारचा झटका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधे पडतो. लय संथ, त्यामुळे प्रत्येक शब्द कानात शिरतो. शिवाय गाणी इंग्रजीत. सरकारनं काळ्यांसाठी नभोवाणीचं झुलूचं केंद्र वेगळं, खोसाचं वेगळं, सोथोचं वेगळं असं करून ठेवलेलं. हा आवाज त्या कुंपणात मावेना. १९८८ चं ‘टुगेदर ॲज वन’ तर गोऱ्यांच्या केंद्रावरून वाजलेलं काळ्या गायकाचं पहिलं गाणं मानतात.

त्याच्या ‘स्लेव्ह’, म्हणजे ‘गुलाम’, या गाण्याचं नाव ऐकून गोऱ्या मालकाची आठवण येते. पण गाणं आहे दारूच्या गुलामाचं. घरातली गुलामीही त्याला तितकीच बोचत होती, म्हणून मला तो मोठा वाटतो.

१९९४ ला वर्णद्वेषी राजवट संपली, तरी तो गप्प बसला नाही. १९९९ साली ‘क्राइम अँड करप्शन’मधून त्यानं आपल्याच पुढाऱ्यांना गुन्हेगारीचा जाब विचारला.

१८ ऑक्टोबर २००७. रात्रीची वेळ, जोहान्सबर्गचं रोझेटनव्हिल उपनगर. मुलांना नातेवाइकाकडे सोडायला गेलेल्या लकीला गाडी लुटायला आलेल्यांनी गोळ्या घातल्या. २००९ साली तिघांना जन्मठेप झाली. समोरचा माणूस लकी डुबे आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. तो कुणी नायजेरियन असेल असं त्यांना वाटलं होतं.