मेसची वही



वसतिगृहात असताना दुसऱ्या वर्षी मेसची वही माझ्याकडं आली. पहिल्याच महिन्याला हिशेबात ४७ रुपये कमी भरले. चोरी नव्हती, आळस होता. दोन बाजारांची कोथिंबीर-मिरची लिहायचीच राहून गेली होती. पण दुसऱ्या दिवशी पंगतीत घास गिळवेना. सगळ्यांच्या पैशाचा धनी नसून राखणदार असणं काय असतं, ते मला तिथं कळलं.

इंडोनेशियातल्या पेसान्त्रेनबद्दल वाचताना ही वही आठवली. पेसान्त्रेन म्हणजे मुस्लिम समाजाच्या निवासी धार्मिक शाळा. पूर्व जावात पोनोरोगोजवळचं गोंतोर १९२६ साली तीन भावांनी नव्यानं उभं केलं. लोक त्यांना 'त्रिमूर्ती' म्हणतात, अगदी याच शब्दानं. १९५८ साली त्यांनी संस्था वारसांना न देता वक्फ केली. तिथलं सहकारी भांडार विद्यार्थीच सांभाळतात. माझ्याकडं आली तशी वही तिथं पोरांच्या हाती रोजच असते.

पासुरुआनजवळचं सिदोगिरी त्याहून खूप जुनं, अठराव्या शतकातलं. तिथं १९६१ पासून सहकारी संस्था आहे. पुढं आसपासची माणसं सावकारांच्या व्याजात बुडताना दिसली, तेव्हा १९९७ साली तिथल्या शिक्षकांनी आपल्याच खिशातून भांडवल जमवून बिनव्याजी तत्त्वावर पतसंस्था काढली. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट कोसळलं होतं, हे ध्यानात घ्या. व्याज निषिद्ध, हे वर्गात शिकवणं सोपं. गावातल्या भाजीवालीला दुसरी वाट काढून देणं अवघड. मला या शिक्षकांचं फार अप्रूप वाटतं.

पश्चिम जावात चिविदेच्या थंड डोंगरात अल-इत्तिफाक हे पेसान्त्रेन आहे. कियाई (धर्मगुरू) फुआद अफांदी यांनी तिथं शेतीला शिक्षणाचा भाग केलं. गरिबांची मुलं तिथं फुकट राहतात, शिकतात आणि भाजी पिकवतात. माल निवडायचा, तोलायचा, बांधायचा आणि शहरातल्या सुपरमार्केटला ठरल्या दिवशी, ठरल्या वजनाचा पोचवायचा. डागी कोबी ढिगात दडवला तर पुढची मागणी गेली. सचोटीचा धडा तिथं तराजूवर मिळतो.

एक भीती मात्र बोलून टाकतो. मुलांच्या घामावर संस्थेची तिजोरी भरू लागली की ती वेठबिगारी झाली. काम किती, अभ्यास किती, नफा कुणाचा, याचा जमाखर्च मुलांपुढं उघडा हवा. पश्चिम जावाच्या सरकारनं 'एक पेसान्त्रेन, एक उत्पादन' ही योजना आणली, तिचंही मोल मी याच हिशेबानं करीन.

कर्मवीर भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'चं बोट धरून शिकलेली घरं या मंडपात कितीतरी असतील; तुम्हाला हे परकं वाटणार नाही. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काहीजण उद्या आश्रमशाळेत, वसतिगृहात नोकरीला लागाल. मेसची वही मुलांच्या हाती द्या. तूट आली तर रागावू नका, पावत्या मागवा.

माझ्या हिशेबात तूट निघाली त्या रात्री आमचे रेक्टर सर अकरापर्यंत माझ्याशेजारी बसून एकेक चिठोरी लावत होते.