अडलेली प्रसूती आणि मूत्राशयाची जखम

लघवीवरील ताबा सुटणे हा स्वतंत्र रोग नव्हे; ते लक्षण आहे. मधुमेहाने दुबळे झालेले मज्जातंतू, पक्षाघात, उतारवयात वाढलेली प्रॉस्टेट ग्रंथी अशी त्याची कारणे अनेक. विकासाच्या अभ्यासकाने मात्र प्रथम प्रसूतीजन्य फिस्टुलाकडे पाहावे.

बाळाचे डोके अडकून प्रसूती दोन-तीन दिवस रखडली, की मूत्राशय व योनीमार्ग यांमधील ऊती डोके आणि हाड यांत चेपल्या जातात. रक्तपुरवठा तुटून त्या मरतात व काही दिवसांत तेथे छिद्र पडते. मग लघवी रात्रंदिवस झिरपते. बहुधा मूलही मृत जन्मते. दुर्गंधीमुळे स्त्री घरातच परकी होते, कित्येकींचा संसार मोडतो. लाजेपोटी ती दवाखान्याची पायरी चढत नाही. साहजिकच नोंदींतही येत नाही. शस्त्रक्रियेने बहुतेक छिद्रे बुजवता येतात, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

वेळेवर सिझेरियन झाल्यास हे टळते. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थात्मक प्रसूती २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर गेल्या. आकडा पाठ करताना एवढे ध्यानी असावे, की प्रत्येक संस्थेत शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व रक्तसाठा नसतो.

बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशा कार्यकर्ती घरी येते. तिने बाळासोबत आईचीही चौकशी करून ‘लघवी झिरपते का?’ एवढे विचारले, तर लहान, ताजे छिद्र काही आठवडे कॅथेटर ठेवूनही मिटू शकते.