चाकू विकणारे काय सांगत नाहीत?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पर्समध्ये मावणारे, गुलाबी मुठीचे चाकू 'स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी' म्हणून आज विकले जातात. दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१३ मध्ये, शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले होते. आता त्याचा धंदा झाला आहे.

मी समुपदेशन केंद्रात काम करते. मुली विचारतात, "ताई, चाकू जवळ ठेवला तर चालेल का?" शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पर्समधला छोटा चाकू त्या मापात बसत नाही, एवढेच विक्रेता सांगतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली बंदी आदेश निघाला, तर छोटा चाकू नेणेही गुन्हा ठरू शकते. कलम १३५ प्रमाणे त्याला साधारण चार महिने ते एक वर्ष कैद आहे. ही जोखीम विकत घेणारीच्या माथी येते.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांपासून वाचताना इलाजच उरला नाही आणि हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो गुन्हा नाही. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हा हक्क चाकूबरोबर मिळत नाही. तो रिकाम्या हातांनाही आहे.

आणि हल्ला करतो कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. घरातल्या माणसापुढे, शेजाऱ्यापुढे, मालकापुढे पर्समधला चाकू काय करणार? जाहिरातीतला हल्लेखोर मात्र नेहमी अंधारातला अनोळखी माणूस असतो.

मग आपण काय करायचे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. आपल्या गटांनी अशा तक्रारी कराव्यात. पात्याचे माप आणि कायद्याची माहिती मराठीत छापा, अल्पवयीन मुलींना चाकू विकू नका, सुरक्षिततेची हमी देऊ नका, अशा मागण्या लावून धराव्यात.

रस्त्यावर दिवे, रात्रीची बस, तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे ही शासनाची जबाबदारी आहे. ती आपल्या पर्समध्ये ढकलू देऊ नका.