रुग्णवाहिकेच्या खोलीतील हसू

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाविषयी बोलतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून आपली अपेक्षाही तेवढीच असते. यंदाचे जमाखर्चाचे पत्रक अहवालात छापले आहेच. आज त्यातील एकाच ओळीविषयी बोलण्याची परवानगी घेतो. ती ओळ आहे ‘रुग्णवाहिका विभाग : वेतन व देखभाल’. या ओळीच्या बाबतीत गतवर्षी आमच्याकडून एक चूक होता होता राहिली. ती आपल्यासमोर मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

अंदाजपत्रक तयार करताना आम्ही वाहनांच्या नोंदवह्या तपासल्या. रात्रीच्या पाळीत वाहने बराच काळ कडुनिंबाखाली उभी असल्याचे दिसले. आम्ही कागदावर एक स्तंभ आखला आणि त्यास ‘निष्क्रिय वेळ’ असे नाव दिले. रात्रीच्या चमूला घरी झोपू द्यावे आणि गरज पडल्यास दूरध्वनी करून बोलवावे, असा प्रस्तावही लिहिला. कागदावर बचत निर्विवाद दिसत होती.

त्याच सुमारास एक तक्रारअर्ज आला. अर्जदाराचे वडील आदल्या रात्री आपल्याकडे वारले होते. अपघात विभागाबाहेरच्या बाकावर ते बसले असता शेजारच्या रुग्णवाहिकेच्या खोलीतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. अर्जात एकच वाक्य होते : “माझे वडील गेले त्या वेळी तुमची माणसे हसत होती.” हे वाक्य वाचून आम्ही अस्वस्थ झालो. त्याच दिवशी खोलीच्या दारावर सूचना लावली, “कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत हास्यविनोद करू नये.” दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, “आदेशावरून गंभीर.”

आम्हांस राग आला, हे मान्य केले पाहिजे. रात्री ही मंडळी नेमके काय करतात, ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून जानेवारीतील एका रात्री आम्ही त्या खोलीत जाऊन बसलो. खोलीत तिघे होते. सर्वांत ज्येष्ठ चालक, ज्यांना सारे रुग्णालय ‘मामा’ म्हणते. एक तरुण तंत्रज्ञ. आणि नव्यानेच रुजू झालेला मदतनीस.

आत शिरलो तेव्हा ते बसलेले नव्हते. पाळी सुरू होताच वाहनाची तपासणी चालली होती. प्राणवायूच्या सिलिंडरचा दाब, घशातील स्राव ओढून घेण्याचे यंत्र, विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी, स्ट्रेचरची कडी, चाकांतील हवा, असे एकेक पाहून वहीत खूण केली जात होती. तंत्रज्ञाने आम्हांस समजेल अशा भाषेत सांगितले, “साहेब, हा लहान सिलिंडर भरलेला असेल तर त्यात १५०० लिटर प्राणवायू. मिनिटाला १० लिटर लागले तर १५० मिनिटं. पुणे नव्वद किलोमीटरच्या आसपास. खंबाटकीला कोंडी झाली तर हा हिशेब चुकतो. म्हणून दुसरा सिलिंडर.” आमच्या कारकिर्दीत शिलकीचा इतका नेमका ताळेबंद आम्हांस क्वचितच ऐकावयास मिळाला आहे.

मग चहा झाला आणि गप्पा सुरू झाल्या. आम्ही बसलो आहोत याचा संकोच पहिल्या पाच मिनिटांत संपला. जुन्या वाहनाला ही मंडळी ‘आक्का’ म्हणतात, कारण ती सकाळी कुरकुरल्याशिवाय उठत नाही. नव्या मदतनिसाने पहिल्याच दिवशी घाईघाईत स्ट्रेचरऐवजी स्वतःच वाहनात चढून दार लावून घेतले होते; तो प्रसंग दररोज नव्या तपशिलांसह सांगितला जातो. मामांचे निरीक्षण असे की सायरन वाजला की बैलगाडी आधी बाजूला होते, मग वरात, आणि सर्वांत शेवटी एकटा माणूस बसलेली मोटार. “वरातीतली पोरं नाचता नाचता वाट करून देतात. मोटारवाल्याच्या काचा बंद, गाणं चालू. त्याचीच वरात असल्यासारखा.” रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. मामांच्या मते त्यापेक्षा त्याला एक रात्र त्यांच्या शेजारी बसवावे.

आम्ही लक्षपूर्वक ऐकत होतो. दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, या थट्टेचा विषय ही मंडळी स्वतः होती, रुग्ण एकदाही नव्हता. दुसरी, काही विषयांना तेथे हात लावला जात नाही. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्या काळी मामा या भागात वाहन चालवीत असत. नव्या मुलाने तो विषय काढताच तंत्रज्ञाने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि बोलणे दुसरीकडे वळले.

मध्यरात्र उलटून गेली. आम्ही सहज म्हणालो, “आज शांतता दिसते.” तिघांनीही एकदम आमच्याकडे पाहिले. मामा म्हणाले, “साहेब, चहा तुमच्याकडे लागला.” हा शब्द उच्चारणाऱ्याने सर्वांना चहा पाजावा, असा या खोलीचा अलिखित नियम आहे. आमचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मात्र तीन वाजून दहा मिनिटांनी दूरध्वनी वाजला.

पसरणीच्या बाजूच्या एका वाडीत वृद्ध गृहस्थांच्या छातीत दुखत होते. वाहन दोन मिनिटांच्या आत फाटकाबाहेर पडले. आम्हीही मागे बसलो. वाडीची गल्ली अरुंद असल्याने स्ट्रेचर वळेना. तेव्हा आबांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणले. त्यांचा मुलगा विचारीत होता, “आधी किती भरावं लागंल?” तंत्रज्ञ म्हणाला, “आधी आबा. कागद नंतर.” तातडीच्या रुग्णाकडून धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम मागू नये, हा योजनेतील नियम आम्ही परिपत्रकातून अनेकदा कळविला आहे. इतक्या थोड्या शब्दांत तो आम्हांस कधी सांगता आला नव्हता.

अर्ध्या वाटेत आबांचे हृदय थांबले. तंत्रज्ञाने छातीवर दाब देण्यास आरंभ केला. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांत हात थकतात, म्हणून माणूस बदलावा लागतो. मदतनीस आणि तो आलटून पालटून दाब देत होते. आमच्याकडे न पाहताच तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, तुम्ही मोजा. मोठ्यानं. तीसला थांबायचं. आकड्यांचं काम तुमचंच.”

आम्ही मोजले. आयुष्यभर आकडे मोजले, परंतु असे कधी मोजले नव्हते. यंत्राने दोन वेळा झटका दिला. रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हाही आम्ही मोजतच होतो.

आबा वाचले नाहीत.

डॉक्टरांनी मुलाला जवळ बसवून सांगितले. मामा त्याच्यासाठी पाणी घेऊन गेले आणि काहीही न बोलता काही वेळ शेजारी उभे राहिले. त्यानंतर तिघांनी वाहन धुतले, जंतुनाशकाने पुसले, चादर बदलली, सिलिंडरचा दाब वहीत लिहिला. कोणी बोलत नव्हते. सर्व झाल्यावर मामांनी खोलीचे दार आतून घट्ट लावले, खिडकी ओढून घेतली आणि म्हणाले, “साहेब, मोजणीत एकही चूक नाही. बी.कॉम. पाण्यात गेलं नाही म्हणायचं.”

आणि आम्ही हसलो. डोळ्यांत पाणी असताना हसलो. तो तक्रारअर्ज त्याच क्षणी आम्हांस आठवला. अर्जदार चुकला नव्हता. हसणारेही चुकले नव्हते. चूक होती ती पातळ भिंतीची आणि खोलीच्या जागेची, म्हणजेच व्यवस्थेची. आणि व्यवस्था ही आमची जबाबदारी होती.

दुसऱ्या दिवशी सूचना काढून टाकली. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने ती खोली प्राणवायू भांडाराच्या मागील बाजूस हलविली. तेथून फाटक तितकेच जवळ आहे, मात्र बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आवाज जात नाही. अर्जदारांची आम्ही समक्ष भेट घेऊन क्षमा मागितली. त्यांनी सारे ऐकून घेतले व एवढेच म्हणाले, “दार लावत जा म्हणावं.” हा निरोप आम्ही जसाच्या तसा पोहोचविला.

राहिला तो आमचा प्रस्ताव. हृदय थांबलेल्या रुग्णास झटका मिळण्यास विलंब झाला आणि कोणी छातीवर दाबही दिला नाही, तर त्याची वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटास सात ते दहा टक्क्यांनी घटते. यंत्रसामग्रीवरील घसारा आम्ही वर्षाला मोजतो. येथे घसारा मिनिटाला लागतो. घरून माणूस बोलवायचा तर पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. त्या रात्री चमू दोन मिनिटांत निघाला, तरी आबा गेले, हे खरे. परंतु त्यांच्या मुलाला जन्मभर “गाडी वेळेवर आली असती तर” असे म्हणावे लागणार नाही. ही बाब कोणत्या स्तंभात लिहावी हे आम्हांस ठाऊक नाही. आम्ही प्रस्ताव मागे घेतला आणि ‘निष्क्रिय वेळ’ हे शब्द खोडून तेथे ‘सज्जतेची वेळ’ असे लिहिले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची शासकीय सेवा सुरू आहे. तिच्या चमूंशी आपल्या मंडळींचा चांगला स्नेह आहे. मात्र रात्रीअपरात्री येथून पुण्यास हलवावयाच्या रुग्णांचा भार मुख्यतः आपल्याच वाहनांवर असतो. देणगीदारांना विनंती, की नव्या इमारतीची कोनशिला जितक्या आनंदाने आपण देता, तितक्याच आनंदाने सिलिंडर, बॅटऱ्या आणि रात्रीच्या वेतनासाठीही द्यावे. त्यांवर नाव कोरता येत नाही, हे आम्ही जाणतो. उपस्थित सर्वांना विनंती, की छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण अवश्य घ्यावे. दाब देणारे हात कमी पडतात. मोजणारा मात्र आता आपल्याकडे एक आहे.

शेवटी एक खुलासा. त्या रात्रीचा चहा आम्ही पाजला. त्याची पावती हिशेब विभागाकडे सादर केलेली नाही, याची लेखापरीक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.