एम.एस्सी. कुठून करायचं?



मघाशी, बक्षीस समारंभाआधीच्या चहाच्या वेळी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी मला गराडा घातला. प्रश्न एकच: ‘मॅडम, एम.एस्सी. ऑडिऑलॉजी कुठून करू?’ बांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था ही नावं तुम्हाला पाठच आहेत. दोन्ही उत्तम, तिथल्या प्रवेशासाठी जरूर झटा. पण जागा मोजक्या. इतरत्र जायचं ठरलं, तर आधी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता तपासा आणि मग तिथल्या ओपीडीत एक पूर्ण सकाळ बसा.

इमारत बघू नका, पेशंट बघा. तान्ह्या बाळांची बेरा, म्हणजे श्रवणनस ते मेंदू ही वाट तपासणारी चाचणी, रोज होते का? बाळ झोपेपर्यंत आईजवळ थांबून इलेक्ट्रोड लावणारे हात विद्यार्थ्यांचे आहेत, की विद्यार्थी नुसते मागे उभे आहेत? एखाद्या बाळाची ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी, व्यवस्थित येते, पण बेराच्या आलेखात लहरच उमटत नाही. म्हणजे अडचण बाह्य केसपेशींच्या पुढे, बहुधा श्रवणनसेकडे जाणाऱ्या वाटेवर. केवळ ओएईवर विसंबून अशा बाळाला ‘ऐकू येतं’ म्हणून घरी पाठवलं, तर त्याचे महिने वाया जातात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, ही मर्यादा आपण सगळे शिकतो. ती पाळायची तर अशी बाळं तुमच्या हाताखालून गेलेली हवीत.

कॉक्लिअर इम्प्लांटचंही तेच. शस्त्रक्रिया काही तासांची. मॅपिंग, म्हणजे यंत्राची जुळवणी, आणि थेरपी वर्षानुवर्षांची. इम्प्लांट झालेल्या त्याच मुलांचे पालक ओपीडीत पुन्हा पुन्हा येताना दिसले, तर विभाग जिवंत आहे असं खुशाल समजा. शिकवणारे पालकांशी कसे बोलतात, तेही ऐका. नंदुरबारहून आलेल्या आईला तिच्या बोलीत ऑडिओग्राम समजावून सांगणारे प्राध्यापक मला नव्या यंत्रापेक्षा मोलाचे वाटतात.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी वेगळा हिशेब मांडावा. तिथे पदवीनंतर साधारण चार वर्षांची एयूडी, म्हणजे ऑडिऑलॉजीची डॉक्टरेट, असते आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा.

पालकहो, मुलगी दूरच्या गावी जायचं म्हणाली, तर होस्टेलची चौकशी जरूर करा. पण तिच्यासोबत त्या ओपीडीतही जाऊन या. आणि विद्यार्थ्यांनो, दोन संस्थांमध्ये अडकलात, तर मला विचारा; माझा नंबर मी प्राचार्यांकडे ठेवला आहे. आता बक्षिसं सुरू करू या.