अर्पणाचं पाकीट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. मी काही वक्ती नाही. आमच्या बचत गटात हिशेबाची वही माझ्याकडे असते, तेवढीच माझी ओळख. भिवंडी तालुक्यातल्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहते, गोदामात पॅकिंगला जाते. माहेर नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. आम्ही ख्रिस्ती. आजीच्याही आधीपासून घरात मराठी बायबल आणि मराठी भजनं.

आज बोलायचंय ते पैशाबद्दल. देवाला दिलेल्या पैशाबद्दल. हा विषय निघाला की बायका एकदम गप्प होतात. नवरा दारूवर किती घालवतो ते आपण मोठ्यानं सांगतो, पण देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात आपण किती टाकलं ते सांगत नाही. मीही सांगत नव्हते.

आधी लहानपणीचं सांगते. आमच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, पीक घरात आलं की उपकारस्तुतीचा सण असायचा. ज्याच्या शेतात जे पिकलं ते घेऊन जायचं. कुणी बाजरीची कणसं, कुणी अंडी, कुणी कोंबडी, कुणी नुसती कोथिंबिरीची जुडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. आमच्या आईचा लाल भोपळा ठरलेला. परसात वेल होता, त्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा ती वेगळा ठेवायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. बाजारात ज्याचे दहा रुपये येणार नाहीत तो भोपळा लिलावात पन्नासला जायचा, कारण दोन भाऊ हट्टाला पेटायचे आणि सगळी मंडळी हसायची. एका वर्षी तर ज्यानं घेतला त्यानं तो परत आईलाच आणून दिला, म्हणाला, भाजी करा आणि मला वाटीभर पाठवा. नंतर पंच उभे राहायचे आणि वाचायचे, एवढे जमले, एवढे पाळकांच्या पगाराला, एवढे कौलं बदलायला. कुणीतरी मागून विचारायचंच, गेल्या वर्षीच्या कौलांचे उरलेले कुठं गेले? पंच चिडायचे, पण उत्तर द्यायचे.

देणं म्हणजे काय हे मी तिथं शिकले. त्यामुळे पुढं जे झालं ते मला जास्त लागलं.

लग्न होऊन इकडे आले. आमचे यंत्रमागावर. जवळपास आमच्या पद्धतीचं चर्च नव्हतं. शेजारच्या बाईनं एका प्रार्थनेला नेलं, पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. माणसं मायेची होती, खोटं का बोलू. माझी मुलगी पोटात असताना त्यांनीच डबा पोचवला. भजनं गाताना माहेर आठवायचं. तिथे दर रविवारी पाकीट मिळायचं, वर नाव लिहिलेलं. दशमांश. म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. माझी मजुरी महिन्याला आठ हजारांच्या आसपास पडायची, म्हणजे आठशे. सांगणारे सांगायचे, हातात पडलेल्याचा नाही, पूर्ण कमाईचा काढा. उसनं, भाडं, किराणा सगळं त्याच्यानंतर. जो देणार नाही त्याच्या पिशवीला भोकं पडतील. भोकांची पिशवी बायबलमध्ये आहे खरी. ती ऐकली की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण आमची पिशवी तशीही भोकांचीच होती!

चौदा महिने मी आठशे देत राहिले. हिशेबाची सवय आहे, अकरा हजार दोनशे झाले. घरात सांगितलं नव्हतं. आमच्यांना वाटायचं माझी मजुरी कमी पडते.

मग जागा घ्यायची ठरली. प्रत्येकानं कार्डावर आकडा लिहून द्यायचा, नाताळपर्यंत पुरा करायचा. मी पाच हजार लिहिले. आजूबाजूला सगळ्या लिहीत होत्या, शेजारची दहा हजार लिहीत होती, माझा हात कमीवर थांबेना. हे २०१६ च्या ऑगस्टमधलं. नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. भिवंडीत तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मजुरी रोखीची, सूत रोखीनं, शेठकडे रोख नाही. किती माग थांबले, किती माणसं गावाला निघून गेली. आमचे महिनाभर घरी. आणि माझ्या डोक्यात ते कार्ड.

गटातून कर्ज काढलं. पाच हजार, शेकडा दोन रुपये, दहा हप्ते. वही माझ्याच हातात. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मुलीचं औषधपाणी.

चार दिवसांनी संध्याकाळी गटातल्या तिघी दारात. हातात शहाळं, बिस्किटाचे पुडे. मुलीला बघायला आल्या होत्या. आणि मुलगी माझी अंगणात लंगडी खेळत होती.

मैत्रिणींनो, पुढचं काय सांगू. आमच्या अध्यक्षबाई वयानं मोठ्या, आगरी, बोलायला फटकळ. त्यांनी शहाळं माझ्या हातात ठेवलं, म्हणाल्या, "पोर बरी आहे ते बरं झालं. आता कोण आजारी आहे ते सांग." मी रडले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, तुमचा धर्म असाच, तुमचे लोक असेच. तसं कुणीच बोललं नाही. एक जण म्हणाली, "अगं, आमच्या गावदेवीच्या जीर्णोद्धाराला घरटी पाच हजार लावले. ज्यांची जमीन गोदामाला गेली त्यांना पाच हजार म्हणजे सुपारीचं खांड. मी कानातलं गहाण ठेवलं. नाव मात्र संगमरवरावर सासऱ्यांचं." दुसरीनं तर सांगितलं की तिनंही मागच्या वर्षी वहीत बियाण्याचं कारण लिहून सप्त्याची वर्गणी भरली होती. म्हणजे आमच्या वहीतला तो रकाना किती जणींचा खोटा होता, देव जाणे.

हप्त्याची पहिली रक्कम सहाशे भरली. पाचशे मुद्दल, शंभर व्याज. त्या रविवारी मी पहिल्यांदा विचारलं, जागेचे किती जमले? उत्तर आलं, हिशेब देवाला द्यायचा असतो, माणसाला नाही. अगदी गोड आवाजात. आणि वर, शंका ही विश्वासाची कीड आहे.

घरी येऊन मी बायबल काढलं. शिकलेली मी दहावी, पण वाचता येतं. ज्या दशमांशाचं नाव सतत ऐकत होते तो जुन्या करारात शोधला. तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुराढोरांचा आहे. ज्याच्याकडे शेत आणि कळप त्याचा. रोजंदारीवरच्या बाईनं मजुरीतून काढावा असं मला तरी कुठं सापडलं नाही. आणि अनुवादाच्या पुस्तकात तर दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून ठेवायला सांगितलंय, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. हे मला इतक्या रविवारांत कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, गरीब विधवेची. मंदिराच्या पेटीत तिनं दोन नाणी टाकली, तेवढीच तिची पुंजी, आणि येशू म्हणाला हिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. पाकीट फिरवायच्या आधी ही गोष्ट हमखास सांगतात. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती आहे. पण तिच्या जरा वर बघा. तिथे तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर रागावलाय. आधी राग आणि लगेच ही बाई. मी ते दोन्ही सलग वाचलं आणि कितीतरी वेळ बसून राहिले. तो तिचं कौतुक करत होता की तिच्यासाठी हळहळत होता? मला अजून नक्की सांगता येत नाही. जाणकारांचीही दोन मतं असतील.

पौलाचं मात्र स्पष्ट आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्यानं वर्गणी गोळा केली, तेव्हा पैसे घेऊन तो एकटा निघाला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि तसं करिंथकरांना लिहूनही टाकलं. एवढ्या मोठ्या प्रेषिताला माणसांना हिशेब द्यावासा वाटला, मग शेडमधल्यांना काय हरकत?

आपल्याकडेही चांगलं मागणारे झालेत. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथल्या लोकांनी १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्यासाठी संस्था काढली. गावोगावच्या मंडळांतल्या लोकांनी वचन दिलं, वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. रक्कम छोटी, मुदत ठरलेली, आणि संस्थेचा दर वर्षी अहवाल छापलेला. त्याच पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरातून मूठ मूठ धान्य मागितलं, मुष्टिफंड म्हणायचे, त्यावर वसतिगृहातली पोरं जेवली. लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, तेही पाकिटातलंच दान म्हणा. तिकडे मिझोराममध्ये ख्रिस्ती बाया शंभराहून जास्त वर्षं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. मूठ तिची, जेवढा तांदूळ शिजवायचा त्यातली. घरात नसेल तर मूठही लहान. मला हे फार आवडलं. आठशेचा आकडा घरातली चूल बघत नाही.

कायद्याचं थोडं सांगते, ते सगळ्यांना उपयोगी आहे, देऊळ असो, चर्च असो, नाहीतर मंडळ. महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे. तो सगळ्या धर्मांच्या न्यासांना लागू. न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, नोंदणी क्रमांक मिळतो, हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात. आपल्याला ठाण्याचं कार्यालय पडतं. नोंदणी नसलेल्यांना धर्माच्या कामासाठी पैसे गोळा करायचे तर त्यांची परवानगी घ्यावी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. म्हणून पैसे देताना दोन गोष्टी मागायला लाजू नका, पावती आणि तिच्यावरचा नोंदणी क्रमांक. माझ्या चौदा पाकिटांची एकही पावती माझ्याकडे नाही.

पाच हजारांचं काय झालं? जागा घेतलेली मी पाहिली नाही. वर्षभरात ती प्रार्थना दुसरीकडे गेली. त्यांनी पैसे खाल्ले असं मी म्हणणार नाही. भाडं दिलं असेल, कुणाच्या औषधाला गेले असतील. मला ठाऊक नाही, आणि ज्याला माहीत आहे तो सांगत नाही, याचंच दुःख आहे.

आणखी एक कबूल करते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार धीट. पाकीट बंद केलं त्याच्या पुढच्या महिन्यात मुलीला खरोखर ताप आला. तीन दिवस उतरेना. रात्री तिच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवताना मनात तेच, पिशवीला भोक पडलं. डेंग्यू नव्हता, साधा ताप होता, उतरला. पण त्या रात्री कुणी पाकीट पुढं केलं असतं तर मी गळ्यातलं काढून दिलं असतं. तेव्हा भीतीनं देणाऱ्या बाईला मी हसणार नाही.

आता आम्ही रविवारी रेल्वेनं जाऊन दूरच्या चर्चमध्ये जातो. तिथे वर्षाचा ताळेबंद फळ्यावर लावतात. आमच्यांना सांगून दोनशे देते. शंभर बाजूला काढते, ते शेजारच्या म्हातारीला, तिचा मुलगा बघत नाही. हे दशमांशात धरायचं की नाही यावर आमच्या दोघांचं अजून भांडण आहे. ते म्हणतात धर, मला ते फसवल्यासारखं वाटतं.

कर्जाचा दहावा हप्ता फिटला त्या बैठकीत अध्यक्षबाईंनी वही पुढं सरकवली. "खोडायचं नाही," म्हणाल्या, "खाली खरं लिही." मी लाल पेनानं लिहिलं, प्रार्थनेच्या जागेसाठी अर्पण. मग ती बियाणेवाली उठली आणि म्हणाली, माझंही पान काढा.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर विचारलं, "तुमच्या त्या चर्चमध्ये लिलाव असतो का? यंदा वेल चांगला धरलाय."