दुखत नाही, म्हणून थांबू नये
(कर्करोगाची पूर्वसूचना देणारी लक्षणे : नावडे येथील व्याख्यानाची संहिता)



मंगल प्रसंगी आजाराचे नाव काढू नये, असा संकेत आहे. त्यातून कर्करोगाचे नाव तर अनेक घरांत आजही दार लोटून, हलक्या आवाजात घेतले जाते. परंतु हे मौनच या रोगाचे मोठे बळ आहे.

कापडाचे ठाण उलगडताना विणीतला दोष वेळीच हाती लागला, तर तेवढाच तुकडा बाजूला काढता येतो. पोशाख शिवून झाल्यावर तो दिसला, तर सारे वस्त्र वाया जाते. देहाचेही तसेच आहे. पेशींची अनिर्बंध वाढ एकाच जागी असेतो ती पुष्कळदा समूळ नाहीशी करता येते. ती शरीरात दूरवर पसरली, की उपचार दीर्घ व खर्चिक होतात आणि यश अनिश्चित राहते. अडचण अशी, की आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही. ताप नाही, ठणका नाही. म्हणून माणूस थांबतो. ‘दुखत तर नाही!’ हे समाधान अनेकांना महागात पडले आहे.

केवळ लक्षणे समजावून सांगितल्याने काय घडू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील रुग्ण आपणहून रुग्णालयात येत नसत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. त्यांनी ग्रामस्थांना धोक्याची लक्षणे सांगितली आणि लक्षणे असणाऱ्यांना तपासणीस येण्यासाठी राजी केले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अल्प खर्चाच्या या लोकशिक्षणानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात पोहोचू लागल्या. तेथे नवे औषध किंवा महागडे यंत्र आले नव्हते. माहिती मात्र उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती.

ही लक्षणे प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत.

१. मुख : दोन ते तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तिखट पदार्थाने होणारी आग, तोंड उघडण्यास होणारा अडसर. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्यास दाखवावे.

२. स्तन : गाठ किंवा जाडसरपणा, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते.

३. गर्भाशयमुख : पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव, दोन पाळ्यांमधील किंवा शरीरसंबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव.

४. शौच व लघवी : शौचातून किंवा लघवीतून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल. ‘मूळव्याध असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये.

५. घसा व छाती : तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, बसलेला आवाज, गिळताना होणारा त्रास, थुंकीतून रक्त. क्षयरोगाच्या औषधांनी गुण येत नसेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

६. इतर : मानेत, काखेत वा जांघेत वाढणारी गाठ, तिळाच्या आकारात वा रंगात बदल, आणि उपवास किंवा आहारात बदल नसताना घटणारे वजन.

यांपैकी एखादे लक्षण आढळले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. परंतु तो निर्णय शेजाऱ्याने वा मनातील भीतीने नव्हे, तर डॉक्टरांनी द्यावयाचा असतो. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ हा समजही निराधार आहे. गाठीचा सूक्ष्म अंश तपासल्यावाचून बहुधा खात्रीचे निदान होत नाही.

तंबाखूविषयी सर्वजण बोलतात. सुपारीकडे मात्र कानाडोळा होतो. जेवणानंतर आणि दुकानाच्या गादीवर ती निरुपद्रवी आदरातिथ्य म्हणून पुढे केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली; घरातील सुपारीच्या डबीवरील बंदी मात्र कुटुंबालाच घालावी लागेल. पहाटेची मिश्री आणि तळोजा औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या खिशातली तंबाखू-चुन्याची डबी यांनाही हेच लागू आहे.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तपासणी केली. गर्भाशयमुखावर सौम्य आम्लाचा द्राव लावून डोळ्यांनी पाहण्याच्या साध्या चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून तीस वर्षांपुढील भगिनींनी लक्षणांची वाट न पाहता शासकीय आरोग्य केंद्रातील तपासणीचा लाभ घ्यावा. संकोच क्षणाचा असतो, त्याचे मोल मात्र संपूर्ण कुटुंब चुकविते.

नावडेकरांना या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच परंपरेतील ‘अॅक्ट्रेक’ हे संशोधन व उपचार केंद्र शेजारच्या खारघरमध्ये उभे आहे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. पहिले पाऊल मात्र घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात टाकावे.

व्यापारी दर वर्षी माल मोजतो, वही तपासतो, ताळेबंद मांडतो. त्याने एक दिवस देहाच्या हिशेबासाठीही राखावा. त्या दिवशी घरातील प्रत्येकाने आरशासमोर तोंड उघडून पाहावे, आणि माता-भगिनींना ‘तुझी तपासणी झाली का?’ एवढे विचारावे. या एका प्रश्नाने एखाद्या घरातील दिवा तेवत राहिला, तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.